व्होल्ट वाढवणाऱ्या दोस्तांनो

आपल्या पोरांत सध्या एक नवीन विद्वत्ता शिरलीय. अभ्यासिकेबाहेरच्या कट्ट्यावर शिष्यवृत्ती का अडली यावर दोन मिनिटं कुणी बोलत नाही, पण व्हेप कुठला घ्यावा यावर तासभर परिषद भरते. साधा नको म्हणे, व्होल्ट कमीजास्त करता येणारा पायजे. खाली ठेवला की चव लागते, वर नेला की घशाला धक्का बसतो. परवा एकानं दोन फोटो दाखवून मलाच विचारलं, "दादा, तू गोदामात असतोस, तुला माल कळतो. यातला कुठला घेऊ?"

माल कळतो हे खरंय. वाघोलीकडच्या एका गोदामाच्या डॉकवर मी खोकी उतरवतो. शिक्षण मॅट्रिक, धंदा पाठीचा, नाद कवितेचा. तेव्हा उत्तर देतो, आणि कानात नाही, चारचौघांत देतो.

आधी यंत्राचं. त्यात जादू काही नाही. लिथियमची बॅटरी, तारेचं वेटोळं, वेटोळ्यात कापूस, कापसात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, वास आणि निकोटिन. तार तापते, रस उकळतो, वाफ निघते. २००३ साली होन लिक नावाच्या चिनी औषधशास्त्रज्ञानं हे काढलं. आता दहावीचं विज्ञान आठवा. व्होल्टचा वर्ग भागिले रोध. १.८ ओहमच्या तारेला ३.३ व्होल्ट दिले तर ६ वॉट, ४.८ दिले तर जवळजवळ १३. व्होल्ट दीडपटही झाले नाहीत आणि उष्णता दुप्पट! अमेरिकेत पोर्टलंडच्या संशोधकांनी २०१५ साली हेच मोजलं. ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड सोडणारी रसायनं त्यांना सापडली नाहीत, ५ व्होल्टला सापडली. फॉर्मल्डिहाइड म्हणजे ज्यात प्रेतं टिकवतात ते. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की इतक्या करपलेल्या तारेची वाफ माणूस ओढूच शकत नाही, चव घाण लागते. मान्य. त्यांचं भांडण त्यांनी मिटवावं. पण आकडा चढवण्यात मर्दुमकी आहे असं त्या दोघांतलं कुणीच म्हणालं नाही, ते फक्त आपल्या कट्ट्यावर म्हणतात.

तुम्ही म्हणाल, ब्रिटनमध्ये डॉक्टरच सांगतात की सिगारेट सोडायची तर हे घ्या. सांगतात. तिथं बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही, मिलिलिटरला २० मिलिग्रॅमवर निकोटिन चालत नाही, आणि वापरून फेकायच्या व्हेपवर १ जून २०२५ पासून तिथंही बंदी आहे. तिथला माणूस निवड करतो ती लेबल वाचून. तू कशाची निवड करतोस? तुझ्या रसात काय आहे हे तुला माहीत नाही, देणाऱ्यालाही माहीत नाही. लेबलवर छापलंय ते खरं की खोटं हे तपासणारं इथं कुणी नाही, कारण हा मालच कागदावर अस्तित्वात नाही. तुला एकच गोष्ट दिसते, ती चकती. ती फिरवायचं स्वातंत्र्य तुला दिलंय. बाकी सगळं त्यांच्याकडे!

आणि ही बंदी कशी आहे ते नीट बघा. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश आला, डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, आणणं, नेणं, विकणं, जाहिरात करणं गुन्हा. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत आणि पाच लाख. साठा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. ओढणं? ओढण्याला या कायद्यात शिक्षा नाही. म्हणजे कोरेगाव पार्कात धूर सोडणारा सुटतो आणि दोनशे रुपयांसाठी पुडकं पोचवणारा आपल्या वस्तीतला पोरगा अडकतो. ओढणाऱ्याला तुरुंगात घाला असं मी म्हणत नाही. वाहणाऱ्याच्याच मानेवर जू का, एवढंच विचारतो. २०२२ साली मुंद्रा बंदरात महसूल गुप्तचर संचालनालयानं दोन लाखांच्या आसपास ई-सिगारेटी एका झटक्यात धरल्या. कागदोपत्री माल भलताच होता. कंटेनरमध्ये काय आहे हे हमालाला कोण सांगतं? आम्हाला वजन सांगतात, नाव नाही.

सरकारला जनतेच्या फुफ्फुसांचा कळवळा आला म्हणावं तर सिगारेट राजरोस विकली जाते, आणि आयटीसीचे पंधरा टक्क्यांच्या आसपास शेअर सरकारी आयुर्विमा महामंडळाकडेच आहेत. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. मंगळवार पेठेतली कुठलीही भिंत बघा आणि बंदीचा रंग सांगा.

बिडीचंही काढतो, कारण आपल्या बापांच्या छातीत तीच भरलीय. वाफ बिडीपेक्षा बरी असेलही, त्यानं वाफ चांगली ठरत नाही. पण चळवळीनं बिडीकडं कसं पाहिलं ते आठवा. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे म्हणून ज्यांचं नाव घेतो त्या कामठीच्या बाबू हरदासांनी १९३२ साली बिडी मजुरांचा संघ उभा केला. त्यांनी चव विचारली नाही. वळतो कोण, ठेकेदार किती कापतो, हे विचारलं. आणि आपल्या पुण्यात? २०२० साली बंडलावरच्या संभाजी महाराजांच्या नावावरून आंदोलन पेटलं, कंपनीला नाव बदलावं लागलं. बदललं ते बरंच झालं. पण हजार बिड्या वळून बाईच्या हाती किती पडतात, हा त्या आंदोलनाचा विषयच नव्हता.

तोच प्रश्न तुझ्या त्या नळीला लाव. एका टोकाला आम्ही डॉकवर. दुसऱ्या टोकाला कोण? चार्ज उतरला, रस संपला, की तू ती कुठं टाकतोस? पुण्यात घरोघरचा कचरा उचलतात त्या स्वच्छच्या बाया. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत १९९३ पासून ज्या संघटित होत गेल्या त्या, आणि त्यांतल्या बहुतेक आपल्याच आया-मावश्या. त्या हातानं कचरा निवडतात. खरी निवड ती! चेपलेली लिथियमची बॅटरी पेट घेते, ओल्या-सुक्याच्या ढिगात तर बघायलाच नको. तुझ्या आंब्याच्या वासाच्या वाफेचा शेवट मावशीच्या पोत्यात होतो, आणि तू तिच्याच नावानं कविता वाचतोस व्यासपीठावर. च्यायला, ती कविता तरी थांबव.

त्या दोन फोटोंतलं एकही घेऊ नकोस. ज्यानं आधीच घेतलंय आणि आज सुटत नाही, त्यानं व्होल्ट खालच्याच आकड्यावर ठेवावा, करपट लागलं की थांबावं, उशीखाली ठेवून चार्जिंगला लावू नये. संपल्यावर कचऱ्याच्या पिशवीत कोंबू नये, वेगळं ठेवून मावशीला हातात सांगून द्यावं, बॅटरी आहे म्हणून. सोडायचं असेल तर तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी फोन आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. आणि रविवारी कट्ट्यावर या. गोदामांतल्या पोरांची यादी करतोय, कंटेनर उघडण्याआधी आत काय आहे हे लेखी मागायचंय. सह्या कमी पडतायत.