गाव सोडताना पोराची शाळा कुठे ठेवता?



बियाण्या-खतांची गोष्ट आज बाजूला ठेवतो. भाताची झोडणी आटोपली, दिवाळी उरकली, की जव्हार-मोखाड्याकडची कितीतरी घरे बोचकी बांधून वीटभट्टीवर निघतात. मराठवाड्यातली ऊसतोडीला जातात, काही थेट ठाण्या-मुंबईच्या बांधकामावर. परत येणे होते ते पावसाच्या तोंडावर. शाळेचे वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होऊन उन्हाळ्यात संपते. म्हणजे पोराचे निम्मे वर्ष हमखास बुडाले. भात निसवायच्या वेळी खाचराचे पाणी तोडावे, तसाच हा प्रकार.

घोडबंदर रोड तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. ठाण्याच्या माजिवड्यापासून मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे करीत गायमुखाकडे जातो. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. मध्ये पूर्वी भातखाचरे होती, आदिवासी पाडे होते. पाडे अजून आहेत, खाचरांवर मात्र उंच इमारती उठल्या. त्या उठवणारे हात खेड्यातलेच. काम चालू असेतो कुटुंब पत्र्याच्या खोपीत राहते, संपले की पुढच्या कामावर. धाकट्या भावाला सांभाळायला थोरली बहीण घरी, आणि तिची शाळा तिथेच थांबते.

शाळा जवळ नसते असे नाही. आत जाणे अवघड होते. एका बाईला मी विचारले, मुलाला शाळेत का घातले नाही? ती म्हणाली, "साहेब, गावाकडचा दाखला आणा म्हनत्यात. त्यापायी चार दिसांची मजुरी कुठनं बुडवू?" शाळेचे नाव घेत नाही, पण कायदा सांगतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळा सोडल्याचा दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. मध्येच शाळा सुटली असेल तर वयाला साजेशा वर्गात बसवायचे आणि मागे पडलेला अभ्यास वेगळा शिकवून भरून काढायचा, हेही त्यातच आहे.

खरी अडचण पुढची. दहा वर्षांचे पोर वयाप्रमाणे पाचवीत बसते, पण त्याला अक्षर ओळखता येत नाही. घरी वारली, गोरमाटी किंवा तेलुगू बोलणारे असेल तर पुस्तकातली मराठीही परकी. आईबाप दिवसभर कामावर, शिकवणी लावायला पैसा नाही. बाईंच्या वर्गात चाळीस मुले, त्या कोणाकोणाकडे बघणार? इथे कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींचा उपयोग आहे.

हे कोणाला शहरी चोचले वाटतील. पण ही रीत आपल्या मुलखात पावणेदोनशे वर्षांची आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टनमधील विद्यार्थ्यांनी 1848 साली एक सभा काढली आणि 1849 मध्ये मुलींच्या शाळा सुरू केल्या. दादाभाई नौरोजी त्यांतलेच एक. ही तरुण मंडळी आपला उद्योग सांभाळून सकाळी फुकट शिकवीत. मुली मिळवण्यासाठी दारोदार फिरावे लागे, काही घरांतून त्यांना हाकलूनही लावीत. जगन्नाथ शंकरशेट यांनी या कामाला हात दिला, म्हणून ते तगले. पुढे आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातच ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर काम केले. गुरे राखणारे मूल शाळेत येईना, तर शाळाच कुरणात नेली! ठाणे शहरात तीन हात नाक्याच्या पुलाखाली 2016 साली सिग्नलवर वस्तू विकणाऱ्या मुलांसाठी शाळा निघाली. त्यांतली बरीच घरे मराठवाड्याच्या दुष्काळातून आलेली. 2018 मध्ये तिथली दोन मुले दहावी झाली.

आता शिकवायचे कसे? माती परीक्षण न करता खत टाकू नका, असे मी तुम्हाला नेहमी सांगतो. इथेही तेच. मूल कितवीत आहे हे विचारू नका, त्याला काय वाचता येते ते पाहा. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी गट पाडा आणि त्या गटाला झेपेल तेच शिकवा. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या शाळांत वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना 'बालसखी' नेमले. त्या मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी घेत. या कामाची मोजणी करून पाहिली तेव्हा मुलांचे गुण वाढलेले दिसले. मोजणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या मुली काही बी.एड. झालेल्या नव्हत्या.

गावागावांतून तालुक्याच्या कॉलेजात जाणारी मुले आहेत. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे, तीत विद्यार्थ्याने वर्षाला 120 तास काम करायचे असते. त्यातले बरेचसे तास रस्ते झाडण्यात आणि फेऱ्या काढण्यात जातात, असे माझे मत आहे. कोणी रागावले तरी चालेल. तेच तास मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर संध्याकाळी पाच-सहा मुलांना वाचायला शिकवण्यात घाला. मात्र एका गटाला दोघे जण नेमा, कारण परीक्षा आली की एक गायब होणारच. महिनाभर शिकवून सोडून देण्यापेक्षा सुरू न केलेले बरे. वह्या वाटून फोटो काढणे म्हणजे शिकवणी नव्हे, हेही सांगून ठेवतो. शिकवणाऱ्या पोराला चहा, ओट्यावर दिवा आणि एक फळा एवढे गावाने पुरवावे.

ज्यांना जावेच लागणार आहे त्यांनी निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटून कुठल्या तालुक्यात, किती महिन्यांसाठी जाणार ते सांगावे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असते, ते मागून घ्यावे. कामावर पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या शाळेत ते दाखवावे, आणि कार्ड नसले तरी मुलाला घेऊन जावे. आजी-आजोबा गावी राहणार असतील आणि पोर त्यांच्याजवळ राहण्याजोगे असेल तर सर्वांत उत्तम. त्याच्या जेवणाचे आणि संध्याकाळच्या अभ्यासाचे शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटे अळीविषयी.