दुसरी ट्यूब सोडण्याआधी मेंढीचं दूध तपासा!

सांगोला, मंगळवेढा, माळशिरस भागातल्या मेंढपाळ बांधवांनो, मायबहिणींनो,

दिवाळीत हुलजंतीची महालिंगरायाची यात्रा उरकली की वाड्यात व्यायलेल्या मेंढ्या वाढू लागतात. याच दिवसांत कासेवर रोज हात फिरवा. कोकरू सारखं ओरडतंय, मेंढी त्याला सडाला लागू देत नाही, मागचा पाय ओढत कळपामागं राहते, अशी खूण दिसली तर उद्यावर ढकलू नका. सुजलेली, कडक कास म्हणजे दगडी, हे तुम्हाला सांगायला नको. पण ही दगडी बहुतेकदा जिवाणूंनी होत असली, तरी कधीकधी बुरशीनंही होते. वरून दोन्ही सारख्याच दिसतात आणि तिथंच घात होतो. जिवाणूंवरच्या औषधानं बुरशी मरत नाही. एक ट्यूब झाली, दुसरी झाली, इंजेक्शनं झाली, तोवर कास हातची जाते आणि कोकरू उपाशी मरतं.

त्याहून वाईट म्हणजे ही बुरशी अनेकदा आपल्याच हातानं आत जाते. न पुसलेल्या सडात खुपसलेली ट्यूब, चार मेंढ्यांना वापरलेली एकच नळी! स्पेनमध्ये मेंढ्या आटवताना कासेत औषध सोडल्यानंतर अ‍ॅस्परजिलस बुरशीची साथ आल्याची नोंद आहे.

साबणासारख्या द्रावणाची चाचणी कास बिघडली एवढंच सांगते, कशानं बिघडली ते नाही. त्यासाठी दूध प्रयोगशाळेतच गेलं पाहिजे, तेही औषध देण्याआधी. सड धुऊन कोरडं करा, टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात टाका, मग निर्जंतुक बाटलीत 5 ते 10 मिली दूध घ्या. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवा, पण दूध गोठू देऊ नका. दुधासोबतच्या चिठ्ठीवर ‘बुरशीसाठीही तपासा’ असं डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्या. जिवाणूंची तपासणी एक-दोन दिवसांत उरकते. काही बुरशींना उगवायला आठवडा लागतो. सांगितलं नाही, तर प्रयोगशाळेत दूध लावलेली थाळी तोवर फेकलेली असते.

आजारी मेंढी वेगळी बांधा, तिला हात सगळ्यात शेवटी लावा. तिचं दूध कुणी पिऊ नका. कोकरू दुसऱ्या मेंढीला लावा किंवा त्याला बाटलीनं पाजा. बुरसलेला कडबा वाड्यात नको.

मेडिकलमधून आणखी एक ट्यूब आणण्याआधी 1962 वर फोन करा, नाहीतर जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आजच.