दुसरा हिशोब

आपल्या मंडळातील बहुतेक सदस्यांचा किरणोपचाराशी संबंध चिठ्ठी लिहून रुग्ण पाठविण्यापुरता येतो. पुढे कोणत्या दिशेने, किती वेळ किरणे सोडायची याचे गणित आता संगणक करतो. तो आकडा दुसऱ्या व्यक्तीने, दुसऱ्या रीतीने पडताळल्यावाचून रुग्णास यंत्राखाली घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पनामाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत ऑगस्ट २००० ते मार्च २००१ या काळात २८ रुग्णांना अतिरिक्त मात्रा मिळाली. ओटीपोटातील निरोगी भाग झाकण्यासाठी तेथे ठोकळे वापरीत. संगणक चारच ठोकळ्यांची नोंद घेई. पाचवा हवा म्हणून सर्व ठोकळे एकाच आकृतीत रेखाटण्याची युक्ती निघाली. संगणकाने हरकत घेतली नाही. उपचाराचा वेळ मात्र जवळजवळ दुप्पट काढून दिला. मे २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तज्ज्ञ पोहोचले, तोवर आठ रुग्ण दगावले होते. त्यांपैकी निदान पाच किरणांमुळेच. कागद-पेन्सिलीने केलेल्या काही मिनिटांच्या हिशोबात ही दुप्पट लपली नसती.

ब्रिटनमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट येथे याच्या उलट घडले. १९८२ मध्ये आलेला संगणक अंतराची दुरुस्ती स्वतःच करी. कर्मचारी ती हातानेही करीत राहिले. १९९१ पर्यंत हजारावर रुग्णांना कमी मात्रा मिळाली. जादा मात्रा कातडीवर, आतड्यांत बोलते. कमी मात्रा मुकी असते. रोग उलटला की आपण रोगालाच दोष देतो.

भाभा अणुसंशोधन केंद्राकडून टपालाने येणाऱ्या मापकांनी यंत्राची मात्रा तपासली जाते, हे उत्तमच. पण ती परीक्षा यंत्राची. अमुक एका रुग्णाच्या आकड्याची नव्हे. म्हणून रुग्ण पाठविताना केंद्राला अवश्य विचारावे, की दुसरा हिशोब कोण करतो? ‘तोच संगणक’ हे उत्तर पुरेसे मानू नये.

वेळ नसतो, ही सबब मीही सांगितली आहे. खरगोनहून बसने आलेला रुग्ण, बाहेर रांग, आमच्या तरुण भौतिकतज्ज्ञांना मी म्हणालो, “आज सुरू करू, हिशोब उद्या पाहा.” ते म्हणाले, “सर, मग उद्याच सुरू करू.” मला राग आला, आणि तो मी लपविलाही नाही. रुग्णाला रात्र धर्मशाळेत काढावी लागली. सकाळी आकडा बरोबरच निघाला. त्यांनी सही केली, त्याखाली मी केली. कालच्या बोलण्याबद्दल क्षमा मागायला मात्र मला आणखी आठवडा लागला.