चाळीस डॉलरची दोस्ती

मार्क ट्वेनची 'हकलबेरी फिन' वाचली असेल तर शेवटची प्रकरणं पुन्हा काढून वाचा. मिसिसिपीवरचा तराफा, गोरं पोरगं हक, पळालेला गुलाम जिम, त्यांची मैत्री... यावर मास्तर लोक गहिवरतात. गहिवरू द्या. हक खराच दोस्त. जिमचा ठावठिकाणा मालकिणीला कळवायचं पत्र तो लिहितो आणि फाडून टाकतो. नरकात जावं लागलं तरी चालेल म्हणतो. धर्मानं डोक्यात भरलेलं पाप-पुण्य असं फाडायला छाती लागते. आपल्याकडच्या किती पुरोगाम्यांनी फाडलं?

पण मग टॉम सॉयर येतो. मालकीण मेलीय, मरताना मृत्युपत्रात तिनं जिमला मोकळं केलंय, हे टॉमला ठाऊक. तरी बेटा गप्प. का? तर सुटकेचा खेळ रंगला पाहिजे! जिमच्या खोपटात तो उंदीर सोडतो, साप सोडतो. मोकळा माणूस साखळीत पडून राहतो. पुढं टॉमच्याच पोटरीत गोळी बसते, तेव्हा हा जिम पळायचं सोडून त्याच्यासाठी थांबतो. शेवटी टॉम त्याला चाळीस डॉलर देतो. कैद्याचं काम झकास केलंस म्हणून!

हे टॉम आपल्या ओळखीचे आहेत. वस्तीत शिबिर घेतात, सहभोजनाला मांडी घालून बसतात. गायरानाचा विषय निघाला की चपला शोधतात.

माझा खरा राग ट्वेनवर. जिम स्वतः पळालेला, मालकीण विकून टाकेल म्हणून; पुढं बायको-पोरांनाही सोडवायचं त्याच्या मनात. त्याला मुक्ती मिळते ती मालकिणीच्या कागदानं! २०२४ साली पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या लेखकानं 'जेम्स' लिहिली. तिथं गोष्ट जिमच सांगतो. त्याच्या हातात पेन्सिल आहे, आणि ती चोरून आणणाऱ्या गुलामाचा जीव गेलेला आहे.

आपल्या दापोलीत ही पेन्सिल केव्हाच उचलली गेली होती. ट्वेनचं पुस्तक अमेरिकेत आलं १८८५ साली. १८८६ ला लष्करातून पेन्शन घेतलेले, फुल्यांच्या विचाराचे गोपाळबाबा वलंगकर दापोलीत राहिले, आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' काढलं. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा १८९४ चा अर्जही त्यांनीच लिहिला. कुणा मालकिणीच्या मरणाची वाट बघितली नाही.

'हक फिन' शाळेच्या कपाटात सापडेल. 'विटाळ विध्वंसन' तालुक्यातल्या किती शाळांत आहे, जाऊन विचारा.