वाचवलेले पाणी कोणाच्या वाट्याला?

मरीन परेडची जमीन समुद्रात भराव घालून मिळवलेली. १९६६ साली सुरू झालेल्या त्या कामातून जागा निघाली आणि सत्तरच्या दशकात तिच्यावर घरे उभी राहिली. गोड्या पाण्याचे मात्र तसे नाही. १९६३ सालचे रेशनिंग आठवणारी वडीलधारी मंडळी आजही आपल्या घरांत आहेत. जोहोरशी झालेला १९६२ चा करार २०६१ साली संपणार आहे.

१ एप्रिल २०२५ पासून आपल्या घरगुती पाण्याचा दर घनमीटरला ३.२४ डॉलर झाला, जीएसटी वेगळा. महिन्याला ४० घनमीटरच्या पुढे तो आणखी चढतो. त्यावर वर्गातील एका मुलीने विचारले, "सर, आम्ही नळ बंद ठेवला तर गरिबाला काय मिळते?" प्रश्न बिनतोड आहे.

सरळ उत्तर असे की, नुसत्या बचतीने काहीच मिळत नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली, तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर नेण्यास सांगितले. निर्णयामागची भावना योग्यच होती. पण मुंबई-पुण्याच्या मैदानावरचे पाणी लातूरच्या नळाला जोडलेले नव्हते. खरा मोठा वाटेकरी ऊस. राज्याच्या लागवडीखालील जमिनीपैकी सुमारे ४ टक्के जमिनीवर तो असतो, पण सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी पितो, असा अंदाज वारंवार दिला जातो. त्याला हात लावणे अवघड, कारण कारखाने आणि राजकारण त्याच्याशी बांधलेले.

मग काटकसर व्यर्थ समजायची का? मुळीच नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या संख्येने दिले. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला बंदी. मोठ्याने कमी घेतले ते थेट लहानाला मिळाले, कारण वाटपाचा नियम आधी ठरला होता.

हीच कसोटी आपल्याला लावू या. आपल्याकडे घरगुती वापर २००३ साली माणशी रोज १६५ लिटर होता, २०२३ साली १४१ झाला. उद्दिष्ट १३० चे आहे. पात्र एचडीबी कुटुंबांना यू-सेव्हची सवलत मिळते आणि लहान घराला ती जास्त असते. म्हणजे दर सर्वांना सारखा असला तरी भार सारखा पडत नाही. हे चांगले आहे. परंतु निम्म्याहून अधिक पाणी घराबाहेर, उद्योगांत आणि व्यापारात जाते. तिथेही तेवढीच शिस्त हवी.

म्हणून त्या मुलीला मी सांगितले: नळ बंद ठेव, आणि उरलेले पाणी कोणाकडे गेले हेही विचारत जा. वाचकहो, घरच्या जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न एकदा अवश्य काढावा.