नारळीकर, एकनाडी आणि आपण इंजिनिअर लोक

२० मे २०२५ ला जयंत नारळीकर पुण्यात गेले आणि त्या दिवशी आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या ग्रुपवर एकूण एक जणाने त्यांचा फोटो टाकला. खाली तेच ते. हॉयल-नारळीकर सिद्धांत (तो काय आहे हे विचारायचं नाही), वयाच्या २६ व्या वर्षी पद्मभूषण, आयुका, 'यक्षांची देणगी', साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. सगळं खरं आहे, आणि माणूस त्याहून मोठा होता याबद्दल वाद नाही.

वाद पुढे आहे. पंधरा दिवसांनी त्याच ग्रुपवर एकाने स्वतःच्या लग्नाचा बायोडेटा टाकला. पॅकेज, फ्लॅट, ऑनसाइटची शक्यता वगैरे वगैरे, आणि शेवटी एक ओळ: 'एकनाडी व सौम्य मंगळ चालणार नाही.' साहेब एका मोठ्या कंपनीत टेस्ट ऑटोमेशन करतात. कुणालाही काही खटकलं नाही. दोन-चार अंगठे आले.

मला खटकलं, म्हणून हे लिहितोय.

'पॅरानॉर्मल संशोधक' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोण येतं? रात्री पडक्या वाड्यात मीटर आणि कॅमेरा घेऊन फिरणारा माणूस. दिल्लीचा गौरव तिवारी २०१६ मध्ये गेला तेव्हा सगळ्या चॅनेलांवर तोच. किंवा आपल्या पुण्याचे डॉ. प. वि. वर्तक, जे २०१९ मध्ये गेले. पेशाने सर्जन, आणि १९७५ मध्ये समाधीत मंगळावर जाऊन आल्याचा त्यांचा दावा. नंतर नासाच्या यानांनी वर्तकांचंच म्हणणं खरं केलं, असं त्यांचे चाहते आजही सांगतात. वर्तकांचा अभ्यास, त्यांचा उत्साह याबद्दल मला काही बोलायचं नाही. माझा प्रश्न फक्त एवढाच, की पेपर कोणी तपासला? दावा करणाऱ्याने लिहायचं, चाहत्यांनी जुळवायचं, आणि जे जुळलं नाही ते 'प्रतीकात्मक' म्हणायचं, अशा पद्धतीने मीसुद्धा दर वर्षी शंभर टक्के रेटिंग मिळवेन. :)

नारळीकरांना कुणी पॅरानॉर्मल संशोधक म्हटलं नाही. पण महाराष्ट्रात एखाद्या अलौकिक दाव्याची सगळ्यात स्वच्छ चाचणी कुणी घेतली असेल तर ती याच माणसाने. आणि मी वाचलेल्या बहुतेक आदरांजल्यांमध्ये तिला एक ओळ मिळाली, नाहीतर तीही नाही.

तर झालं असं की २००१ मध्ये यूजीसीने विद्यापीठांत 'ज्योतिर्विज्ञान' शिकवायचं ठरवलं. शास्त्रज्ञ ओरडले. नारळीकरांनीही लेख लिहून विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००४ मध्ये तिथे विरोधकांची याचिका फेटाळली गेली. आपण असतो तर तावातावाने दोन पोस्ट टाकून गप्प बसलो असतो. नारळीकरांनी काय केलं, तर चाचणी आखली. सोबत पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे सुधाकर कुंटे, अंनिसचे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे. घाटपांडे स्वतः ज्योतिष शिकलेले, त्यातलं खाचखळगं माहीत असलेले.

चाचणी इतकी सोपी की फ्रेशरलाही कळावी. शंभर हुशार मुलांच्या आणि विशेष शाळांतल्या शंभर मतिमंद (तेव्हाचा शब्द) मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. त्यावरून दोनशे पत्रिका मांडल्या. कोणती कुठल्या गटातली याची नोंद वेगळी, विद्यापीठाच्या ताब्यात. २००८ मध्ये पुण्यात जाहीर आवाहन केलं: प्रत्येक ज्योतिषाला या दोनशेंतल्या रँडम चाळीस पत्रिका मिळतील, फक्त हुशार की मतिमंद एवढंच सांगायचं. चाळीसपैकी अठ्ठावीस बरोबर आल्या तर पास.

इथे जरा थांबा, कारण 'अठ्ठावीस'मध्ये मजा आहे. नाणं उडवून उत्तरं दिली तरी सरासरी वीस बरोबर येणारच. नुसत्या नशिबाने अठ्ठावीस किंवा जास्त यायची शक्यता एक टक्क्याच्या आत. म्हणजे पासिंग सत्तर टक्के. हा काही जुलूम नाही. ज्या शास्त्रात पंचम स्थानावरून बुद्धी आणि बुधावरून आकलन सांगतात, त्या शास्त्राला विचारलेला हा अगदी सिलॅबसमधला प्रश्न. आणि दोन्ही गटांतला फरक असा, की पाच मिनिटं भेटल्यावर शाळेतल्या बाईंना कळेल.

५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या. उत्तरं आली २७ जणांची. सगळ्यात जास्त बरोबर किती? २४. सरासरी निम्म्याच्याही जरा खाली, सुमारे ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने पूर्ण दोनशे पत्रिका तपासल्या, त्यांचे १०२ बरोबर. म्हणजे ५१ टक्के. आता कुणी म्हणेल, तो २४ वाला तरी भारी असेल. अहो, २७ जणांना प्रत्येकी चाळीस वेळा नाणं उडवायला लावलं तरी एखाद-दुसरा पंचवीस-सव्वीसवर जातो. मार्च २००९ च्या 'करंट सायन्स'मध्ये निकाल छापून आला. दोन-तीन पानांचा लेख. कुठेही ज्योतिषांना शिवी नाही.

आणि हे करणाऱ्या चौघांपैकी एकाला २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या गेल्या. या चाचणीमुळे घातल्या असं मी म्हणत नाही, पण प्रश्न विचारायची किंमत आपल्या शहरात किती असू शकते एवढं तरी लक्षात असावं.

'नारळीकर म्हणजे प्रस्थापित विज्ञानाचा माणूस, त्याला वेगळं काही पटणारच नव्हतं', हेही एकाने ऐकवलं. हे म्हणजे कहर झाला. ज्या माणसाने बिग बँगसारख्या सर्वमान्य सिद्धांताविरुद्ध आयुष्यभर बाजू लढवली, १९९३ मध्ये हॉयल आणि बर्बिज यांच्याबरोबर पुन्हा नवीन मॉडेल मांडलं, त्याला प्रस्थापित म्हणायचं? स्वतःच्या विषयात ते कायम अल्पमतातच होते. आणि परग्रहावरच्या जीवसृष्टीचं म्हणाल, तर त्यांनी ती शक्यता हसण्यावारी कधीच नेली नाही. सूक्ष्मजीव अंतराळातून पृथ्वीवर येत असतील ही कल्पना त्यांच्या गुरूची, हॉयलची. ती तपासायला २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये इस्रोच्या मदतीने हैदराबादहून बलून सोडले, ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा केली. दुसऱ्या खेपेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, एकीला हॉयलचं नाव दिलं, एकीला आर्यभटाचं, एकीला इस्रोचं. आपल्याला असं काही सापडलं असतं तर? 'एलियन सापडले' म्हणून केक कापला असता. इस्रोच्या निवेदनात काय होतं, की हे जीव पृथ्वीबाहेरून आले हे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, काम पुढे चालू ठेवायला मात्र उत्तेजन मिळतं. हे निवेदनसुद्धा मार्च २००९ चंच! एकाच महिन्यात दोन निकाल. एक ज्यावर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता त्याचा, एक जे खरं निघावं असं त्यांना मनापासून वाटत असणार त्याचा. पट्टी दोन्हीकडे तीच.

(अजून एक, मला स्वतःला फार आवडणारा किस्सा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही गोष्ट पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. ज. वि. ना. उलटं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे ज्योतिषांना जी ब्लाइंड टेस्ट लावली, ती ३४ वर्षं आधी स्वतःला लावून झाली होती.)

आता आपल्याकडे येऊ. मी दौंडचा. आमच्याकडे अर्धं गाव सकाळच्या गाडीने पुण्याला कामाला जातं. डब्यात चर्चेचे विषय तीन: जागा, अप्रेझल आणि स्थळं. माझ्या आतेबहिणीचं गेल्या वर्षी एक स्थळ आलं होतं. तिचं एमफार्म झालेलं, मुलगा खराडीत आयटीत. फोटो पसंत, दोन्ही घरं ओळखीची, आत्याने पाहुण्यांची तयारीसुद्धा सुरू केली होती. पत्रिका गेली आणि निरोप आला: एकनाडी. मुलगा-मुलगी एकदाही बोलले नव्हते. हे तिसरं स्थळ असं गेलं. आत्या आता म्हणते, "पोरीच्या पत्रिकेतच काहीतरी आहे." पोरगी काही म्हणत नाही.

म्हणून एका रविवारी मी गुणमेलनाचा कोड लिहून पाहिला. तुम्हीही लिहा, तासाभराचं काम आहे. इनपुट किती? एकच: जन्मवेळी चंद्र कुठे होता. त्यावरून रास आणि नक्षत्र. सत्तावीस नक्षत्रं बारा राशींत वाटली की छत्तीस तुकडे पडतात, मग ३६ बाय ३६ चा तक्ता. पंचांगात मागे छापलेला असतो तो हाच. बाकी पत्रिका, ती घरं, ते ग्रह, छत्तीस गुणांत कशालाच विचारलं जात नाही! त्यातले सगळ्यात जास्त, आठ गुण नाडीचे. नाडी तीन: आद्य, मध्य, अंत्य. प्रत्येकीत नऊ नक्षत्रं. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस राहतो. म्हणजे आज जन्मलेले आद्य, उद्याचे मध्य, परवाचे अंत्य. दौंडचे, दिल्लीचे आणि दुबईचे सगळे एकत्र. 'नाडी म्हणजे पूर्वीचा ब्लडग्रुप हो' म्हणणाऱ्या काकांनी सांगावं, त्या दिवशी दवाखान्यात जन्मलेल्या सगळ्या पोरांचा ब्लडग्रुप एकच असतो का?

आणि हिशोब बघा. तीन नाड्या सारख्या वाटलेल्या, म्हणजे कुठलीही दोन माणसं घ्या, एकनाडी निघायची शक्यता एक तृतीयांश. मंगळ १, ४, ७, ८, १२ या पाच स्थानांत असला की मंगळदोष, म्हणजे बारात पाच. दोघांनाही आहे किंवा दोघांनाही नाही असं असलं तरच चालतं, याची शक्यता जेमतेम एक्कावन्न टक्के. दोन्ही चाळण्या लावल्या की शंभर स्थळांतली साधारण चौतीस उरतात. सहासष्ट स्थळं दोन माणसांनी एकमेकांना 'हॅलो' म्हणायच्या आत कटाप. मग हीच मंडळी म्हणतात, "हल्ली लग्नं जमत नाहीत."

'अपवाद असतात, परिहार असतो.' असतो ना! पॅकेज चांगलं असलं की परिहार सापडतो, नसलं की सापडत नाही. ज्या नियमाला हवा तेव्हा अपवाद लागू होतो त्याला आपण ऑफिसात काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

'आमचा विश्वास नाही रे, घरच्यांसाठी बघतो.' हे सगळ्यात संतापजनक. घरचे म्हणजे कोण? माझी आत्या दहावी झालेली आहे. तिने कधी सॅम्पल साइझ ऐकलेला नाही. तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण तू? ऑफिसात एक बटण दहा पिक्सेल सरकवलं तरी रिग्रेशन मागतोस, डेटा नसेल तर मॅनेजरशी भांडतोस, आणि आयुष्याच्या जोडीदाराच्या बाबतीत टेस्ट फेल झालेलं मॉड्यूल तसंच प्रॉडक्शनला? वर ते मोबाइलवर चालावं म्हणून कोड लिहिणारेही आपल्यातलेच. पूर्वी गुरुजी निदान समोरच्याचा चेहरा बघून दोन गुण इकडेतिकडे करायचे. आपण ते ऑटोमेट केलं, आणि फिल्टरमध्ये गेलेल्या मुलीला आपण कुठल्या यादीतून गळलो हे कळतसुद्धा नाही. २०२१ पासून इग्नूमध्ये ज्योतिषाची एमए पदवीही मिळते. २००१ मध्ये निदान भांडण तरी झालं होतं.

नारळीकर सही मागणाऱ्या पोरांना सांगायचे, पोस्टकार्डवर प्रश्न विचारून पाठव, उत्तरासोबत सही मिळेल. आमच्या ग्रुपवर फोटो टाकणाऱ्या साठ जणांपैकी कितींकडे प्रश्न होता?

असो. माझ्याकडून एक प्रस्ताव, फक्त दौंड-शिरूरकरांसाठी नाही, कुणासाठीही. तुमच्या घरचे ज्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत त्या गुरुजींना चाळीस पत्रिका द्यायच्या, नावं काढून. वीस जिवंत माणसांच्या, वीस पन्नाशीच्या आत गेलेल्यांच्या. वयाचा अंदाज लागू नये म्हणून दोन्हीकडे जन्मसालं सारखी घेऊ. घरच्यांची परवानगी घेऊन पत्रिका मी गोळा करतो, उत्तरांचं पाकीट गावातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांकडे बंद राहील, गुरुजींची दक्षिणा मी देईन. आयुर्मर्यादा पत्रिकेत दिसते असं तेच म्हणतात, त्यामुळे प्रश्न सिलॅबसमधलाच आहे. पासिंग तेच, चाळीसपैकी अठ्ठावीस. शनिवार-रविवार मी दौंडात असतो.