नावावाचून फुललेली झुडपे

माघ सरत आला आणि पानगळीने डोंगर उघडे पडू लागले की आपल्या लेखकांची, छायाचित्रकारांची आणि वृत्तपत्रांची दृष्टी वर जाते; पळस, पांगारा आणि काटेसावर यांच्या वैभवाचे वर्णन दरवर्षी नव्या उत्साहाने होते, आणि ते यथायोग्यच आहे. परंतु याच सुमारास ज्यांचा बहर माणसाच्या कमरेइतक्या किंवा खांद्याइतक्या उंचीवर, म्हणजे अगदी हाताच्या अंतरावर आलेला असतो, त्या झुडपांची बोळवण आपण ‘कसलीशी फुले’ एवढ्या मोघम शब्दांत करतो. सुशिक्षित गृहस्थाला स्वतःच्या सोसायटीच्या कुंपणाशी फुललेल्या झुडपाचे नाव सांगता येऊ नये ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही, आणि ही उणीव दूर करण्याची तजवीज नगरपालिका व महापालिका यांच्या उद्यान खात्यांनी केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाव ठाऊक नसण्याची किंमत कधी कधी फार जबर असते. आपल्या बागांतून घंटेच्या आकाराच्या पिवळ्या फुलांची दोन झुडपे सर्रास आढळतात: एक टिकोमा आणि दुसरी बिट्टी, म्हणजेच पिवळा कण्हेर. दुरून पाहणारा दोहोंत भेद करीत नाही. जवळ जाऊन पान पाहिले की मात्र संशयाला जागा उरत नाही. टिकोमाचे पान संयुक्त असते, त्याच्या एकाच देठावर दंतुर कडांच्या पर्णिका समोरासमोर बसलेल्या असतात. बिट्टीचे पान एकेकटे, अरुंद, लांब व तुकतुकीत असते आणि ते खुडताच पांढरा चीक येतो. टिकोमाला लांबट चपट्या शेंगा लागतात, तर बिट्टीला हिरवी, कंगोरेदार फळे, ज्यांच्या कठीण कवचातील बी हृदयाची गती बिघडवून मनुष्याचा प्राण घेऊ शकते. तांबड्या व गुलाबी कण्हेराचे तर सर्वांगच विषारी, आणि त्याची ओळखीची खूण म्हणजे बहुधा एकेका पेरावर तीन-तीन पाने. गुरे तोंड लावीत नाहीत आणि पाणी थोडे पुरते, म्हणून महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर लावतात. त्या निवडीला माझी हरकत नाही. मात्र तेच झुडूप बालोद्यानात पाटीवाचून लावणे हा निखालस हलगर्जीपणा आहे.

झुडूप ओळखण्यासाठी फुलाच्या रंगावर भिस्त ठेवू नये, हा या विद्येचा पहिला धडा होय, आणि तो सर्वांच्या परिचयाची बोगनवेलच उत्तम शिकवते. फ्रेंच नाविक बोगनव्हिल याच्या जगप्रदक्षिणेत सहभागी असलेल्या कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1767 साली ही वेल ब्राझीलच्या किनाऱ्यावर पाहिली आणि तिला आपल्या कप्तानाचे नाव दिले. तिचा जो जांभळा, केशरी वा पांढरा भाग आपण फूल म्हणून वाखाणतो, ती वस्तुतः कागदासारखी तीन रंगीत पाने आहेत. त्यांच्या आत, प्रत्येकाच्या मध्यशिरेला चिकटलेली, बारीक नळीच्या आकाराची तीन फिकट फुले असतात, आणि तीच तिची खरी फुले. पाणी तुटू लागले की ती अधिक बहरते. ज्या घरी तिला रोज पाणी मिळते, त्या घरी पाने उदंड आणि फुले तुरळक, ही तक्रार नेहमीच ऐकू येते. पॉइन्सेटियाची हकीकतही अशीच: लाल दिसतात ती पाने, आणि त्यांच्यावर तो रंग चढतो रात्री लांबल्यामुळे.

परंतु ज्या झुडपासाठी मी विशेष आग्रहाने लिहीत आहे, ते परदेशातून आलेले नाही. सह्याद्रीच्या उतारांवर, जेथे गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि वाटेची माती पायाखाली घसरते, तेथे पौष-माघापासून थेट चैत्रापर्यंत धायटी फुललेली असते. तिच्या लवलेल्या लांब फांद्यांवर, पानांच्या बगलांतून, शेंदरी-तांबड्या फुलांचे घोस दाटीने येतात. एक फूल तळहातावर घेऊन पाहावे: किंचित वाकलेली लाल नळी दिसते ती पाकळ्यांची नव्हे, निदलपुंजाची, खऱ्या पाकळ्या तिच्या काठाशी इतक्या चिमुकल्या असतात की शोधाव्या लागतात, आणि नळीतून पुंकेसर लांब बाहेर डोकावत असतात. पान उलटले की पांढुरक्या पृष्ठावर काळे सूक्ष्म ठिपके दिसतात, आणि ही खूण पटली की फूल नसतानाही धायटी ओळखता येते. ती मेंदीच्या कुळातली आहे. तिच्या मधासाठी शिंजीर पक्षी दिवसभर घिरट्या घालतात, आणि वाळवलेली फुले, वैद्यांची धातकी, आसवे व अरिष्टे मुरवताना आंबवणासाठी घातली जातात. सौंदर्य, काटकपणा आणि उपयुक्तता हे तीन गुण एकत्र नांदत असताना हे झुडूप आमच्या शहरी बागांत अभावानेच आढळावे, याची मला मनापासून खंत वाटते.

देशी झुडपांचा शिशिर एवढ्यावर संपत नाही. जुईचे पान संयुक्त तर कुंदाचे साधे आणि मऊ लवेचे. मोगऱ्याचा गंध उग्र तर कुंदाचा अगदी मंद. काटेकोरांटीच्या पिवळ्या फुलांशेजारी पानांच्या बगलेत तीक्ष्ण काटे असतात, आणि जांभळ्या कोरांटीला ते नसतात. अडुळशाचे शुभ्र द्विओष्ठी फूल आतून जांभळट रेषांनी आखलेले असते. मेघदूतात कालिदासाने अलकानगरीच्या स्त्रियांना सहा ऋतूंची फुले एकाच वेळी ल्यायला दिली आहेत, आणि कुंद त्यांत आहे. परंतु त्याच मालिकेतील कुरबक म्हणजे नेमके कोणते झाड, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. ओळख एकदा तुटली की विद्वत्तेलाही ती परत जोडणे किती कठीण जाते, याचा हा दाखला आहे.

उलट, ओळख न करता केलेल्या स्वागताचे फळ घाणेरीने आपल्याला दिले. उष्णकटिबंधीय अमेरिकेतले हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणले गेले, आणि आज देशभरातील जंगलांत त्याने गवताची व रोपांची जागा बळकावली आहे. चौकोनी काटेरी खोड, खरखरीत पान, चुरगळताच येणारा उग्र दर्प आणि एकाच गुच्छात पिवळ्याची गुलाबी वा तांबडी होत जाणारी फुले, ही तिची लक्षणे. ती पोटात गेल्यास गुरांचे यकृत बिघडते आणि उन्हाने कातडी सोलवटते. तरीही तिचे रंगीत वाण रोपवाटिकांतून विकत घेतले जातात.

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध केला, तेव्हा शास्त्रीय नावांबरोबर येथील बोलीतील नावेही त्यांनी नोंदवली. त्यानंतर शतक उलटले तरी आमच्या बागांतील पाट्यांवर ती नावे उमटलेली नाहीत. 1975 च्या झाडांविषयीच्या अधिनियमाने नागरी भागात दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचे कर्तव्य नेमून दिले. झुडपांचीही नावानिशी ओळख करून दिली जावी. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, साध्या ठरावाने काम भागेल. प्रत्येक सार्वजनिक उद्यानात प्रत्येक जातीच्या एका तरी झुडपाजवळ मराठी नाव, शास्त्रीय नाव, मूळ स्थान आणि विषारी असल्यास तसा ठळक इशारा देणारी पाटी असावी. आणि रोपवाटिकांनीही हीच माहिती कुंडीवर द्यावी.

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीअखेरीस पुष्पप्रदर्शन भरते, आणि तेथे लोक कुंडीपुढे थांबून पाटी वाचताना दिसतात. तेव्हा जिज्ञासा नाही ही सबब खरी नव्हे. वाचकांनी आपापल्या प्रभागातील उद्यानात या आठवड्यात एक फेरी मारावी, पाटी नसलेल्या फुललेल्या झुडपांची यादी करावी आणि ती दरखास्तीसह उद्यान अधीक्षकांच्या कचेरीत दाखल करून पोच घ्यावी.